टेबलाला रस्ता, हातगाडीला दंड!

कोरोनाच्या महामारीने जगातल्या मोठमोठ्या शहरांकडून एक गोष्ट कबूल करून घेतली. ती गोष्ट म्हणजे, रस्ता आणि फूटपाथ यांचे नियम माणसाने केलेले आहेत आणि राज्यकर्त्यांनी मनात आणले तर ते चार दिवसांत बदलता येतात. एरवी हेच राज्यकर्ते आपल्याला काय सांगत आले? 'नियम म्हणजे नियम! फूटपाथ चालण्यासाठी आहे, रस्ता वाहनांसाठी आहे, तेथे धंदा करता येणार नाही.' भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या म्हातारीला, वडापावच्या गाडीवाल्याला, चपला शिवणाऱ्या कारागिराला हे वाक्य आता पाठ झाले आहे. मात्र २०२० साली हॉटेलमालक संकटात सापडले आणि तेच नियम मेणासारखे वितळले. न्यूयॉर्क, लंडन, पॅरिस अशा शहरांनी हॉटेलांना फूटपाथ दिले, रस्ते दिले, वाहने उभी करण्याच्या जागा दिल्या.

हे चांगले झाले की वाईट, एवढाच प्रश्न वर्तमानपत्रांतून चर्चिला गेला. आमचा प्रश्न वेगळा आहे. नियम शिथिल होऊ शकतात हे आता सिद्ध झाले. मग ते कुणासाठी शिथिल होतात आणि कुणासाठी होत नाहीत?

न्यूयॉर्कमध्ये काय घडले?

न्यूयॉर्कचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेत आहोत. ज्या शहरातील कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी १९१३ ते १९१६ या काळात शिक्षण घेतले, त्या शहराविषयी आपल्या समाजात आपुलकी आहे. पण आपुलकी आहे म्हणून डोळे झाकायचे नसतात.

मार्च २०२० च्या मध्यास न्यूयॉर्कमधील हॉटेलांत बसून खाण्यास बंदी घालण्यात आली. पार्सल आणि घरपोच सेवा तेवढी चालू राहिली. वेटर, आचारी, भांडी घासणारे असे लाखो कामगार एका रात्रीत घरी बसले. त्यांत परदेशांतून पोट भरण्यासाठी आलेल्यांचा भरणा मोठा होता. जूनमध्ये तत्कालीन महापौर बिल डी ब्लासिओ यांच्या प्रशासनाने 'ओपन रेस्टॉरंट्स' ही योजना आणली आणि २२ जून २०२० पासून हॉटेलांपुढील फूटपाथवर, तसेच रस्त्याच्या कडेला जेथे मोटारी उभ्या राहतात त्या पट्ट्यात, टेबल-खुर्च्या मांडण्यास मुभा दिली. अर्ज संगणकावर भरायचा. शुल्क नाही. सुनावणी नाही. आपण सर्व अटी पाळत आहोत असे हॉटेलमालकाने स्वतःच लिहून द्यायचे आणि लगेच टेबल मांडायचे. तपासणी करणारे नंतर येतील!

याआधी तेथे काय परिस्थिती होती? फूटपाथवर चार टेबले मांडायची तर स्थानिक मंडळापुढे सुनावणी, वेगवेगळ्या खात्यांची मंजुरी, नकाशे, अनामत आणि वर्षाला हजारो डॉलरचे शुल्क भरावे लागे. कित्येक रस्त्यांवर तर अशी परवानगी मिळतच नसे. त्यामुळे साऱ्या शहरात फूटपाथवर टेबले मांडण्याचे परवाने हजार-बाराशेच्या आसपास होते आणि त्यांतील बहुतेक श्रीमंत मॅनहॅटनमध्ये होते. नवी योजना आल्यावर १२ हजारांहून अधिक हॉटेले बाहेर आली. पूर्वी ज्या वस्त्यांत फूटपाथवर एकही टेबल दिसत नसे, तेथेही ती दिसू लागली. सप्टेंबर २०२० मध्ये ही सवलत कायम ठेवण्याची घोषणा झाली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तसा कायदा झाला.

इंग्लंडने तर यासाठी संसदेत कायदाच केला. जुलै २०२० च्या 'बिझनेस अँड प्लॅनिंग ॲक्ट'ने फूटपाथवर टेबले मांडण्याच्या परवान्याचे शुल्क १०० पौंडांच्या वर जाऊ दिले नाही. त्यातील एका तरतुदीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो. ठरावीक मुदतीत पालिकेने अर्जावर निर्णय दिला नाही, तर परवाना मिळाला असे मानले जाईल! म्हणजे सरकारी खाते झोपले तर नुकसान खात्याचे, अर्जदाराचे नाही. आपल्याकडे फेरीवाल्यांचे अर्ज वर्षानुवर्षे पालिकेच्या कपाटात पडून असतात. तेथे अशी तरतूद कुणाला सुचल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

आम्ही हॉटेलांच्या विरोधात नाही, हे येथेच स्पष्ट करतो. या योजनेमुळे सुमारे एक लाख नोकऱ्या वाचल्या, असा न्यूयॉर्कच्या प्रशासनाचा दावा होता. आकडा थोडा कमी धरला तरी भांडी घासणाऱ्याची चूल पेटली हे नाकारता येत नाही. संकटकाळात सरकारने लवचीक व्हावे, हेच आमचे म्हणणे आहे. फक्त ती लवचीकता दुकानाचा दरवाजा पाहून थांबता कामा नये.

त्याच फूटपाथवरचा दुसरा माणूस

ज्या फूटपाथवर ही टेबले मांडली गेली, त्याच फूटपाथवर न्यूयॉर्कमध्ये हातगाड्या लावणारे सुमारे २० हजार फेरीवाले आहेत. बांगलादेश, इजिप्त, मेक्सिको, इक्वेडोर अशा देशांतून आलेली ही माणसे. खाद्यपदार्थांच्या गाड्यांसाठी त्या शहराने १९८३ साली परवान्यांची मर्यादा घातली. ही मर्यादा तीन हजारांच्या आसपास होती. शहर वाढले, माणसे वाढली, मर्यादा मात्र जवळजवळ चाळीस वर्षे तशीच राहिली. इतर माल विकणाऱ्यांसाठी त्याहून जुनी मर्यादा आहे: ८५३ परवाने, १९७९ पासून. त्यातून माजी सैनिकांना वगळले आहे, एवढाच काय तो अपवाद.

मर्यादेचा परिणाम काय झाला? पालिकेकडून काहीशे डॉलरमध्ये मिळणारा परवाना काळ्या बाजारात दोन वर्षांसाठी २० ते २५ हजार डॉलर भाड्याने जाऊ लागला. परवाना एकाच्या नावावर, गाडीवर उन्हापावसात उभा राहणारा दुसराच. जमीन कसणारा एक आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, हा प्रकार आपल्या लोकांना नवा नाही. ज्याला हे भाडे परवडत नाही तो विनापरवाना उभा राहतो, दंड भरतो, कधी पोलिसांच्या हाती सापडतो, कधी त्याचा माल कचऱ्याच्या गाडीत जातो. परवाना असलेल्यालाही सुटका नाही. इमारतीच्या दारापासून २० फूट दूर राहा, चौकाच्या ओलांडणीपासून १० फूट दूर राहा, गाडी १० फुटांपेक्षा लांब नको. पट्टी घेऊन मोजायला अधिकारी हजर!

आता हे चित्र शेजारी ठेवून पाहा. एकाच रस्त्यावर हॉटेलमालकाने स्वतः लिहून दिलेला कागद पुरेसा ठरतो आणि हातगाडीवालीची गाडी अर्धा फूट पुढे आली म्हणून दंड होतो. हॉटेलमालकाला विनामूल्य जागा मिळते आणि हातगाडीवाल्याला परवान्याच्या प्रतीक्षायादीतही जागा नसते. दोघेही अन्नच विकतात. दोघांचाही धंदा त्याच महामारीने बुडवला. उलट मोकळ्या हवेत खाणे सुरक्षित, हे जे शास्त्रीय कारण हॉटेलांसाठी पुढे केले गेले, ते हातगाडीला अधिक लागू होते. हातगाडी पहिल्यापासून मोकळ्या हवेतच उभी होती!

मदतीच्या बाबतीतही तेच झाले. ज्यांच्याकडे स्थलांतराची कागदपत्रे नव्हती, त्यांना अमेरिकेच्या केंद्र सरकारचे धनादेश मिळाले नाहीत आणि बेकारी भत्ताही मिळाला नाही. शेवटी वगळलेल्या कामगारांनी २०२१ च्या वसंत ऋतूत २३ दिवस उपोषण केले आणि न्यूयॉर्क राज्याला २.१ अब्ज डॉलरचा निधी मंजूर करणे भाग पडले. हातगाडीवाल्यांच्या संघटनेनेही चळवळ सोडली नाही. जानेवारी २०२१ मध्ये नगर परिषदेने दरवर्षी ४४५ याप्रमाणे दहा वर्षे नवे परवाने देण्याचा कायदा केला. पण त्याची अंमलबजावणी रखडत राहिली. हॉटेलांची योजना कागदावरून रस्त्यावर यायला काही दिवस लागले. फेरीवाल्यांच्या कायद्याची सुरुवात व्हायलाच दीड वर्षाहून अधिक काळ गेला. चाळीस वर्षांचा अन्याय आणि त्यावर दहा वर्षांचे हप्ते!

येथे कुणी म्हणेल की न्यूयॉर्कमध्ये जात नाही, मग हा भेद कशामुळे? उत्तर सोपे आहे. ज्याच्याकडे आधीच दुकानाचा दरवाजा आहे, त्याच्यापुढची सार्वजनिक जागा त्याचीच समजली जाते. ज्याच्याकडे दरवाजा नाही, तो सार्वजनिक जागेतही उपरा ठरतो. भेदाची कारणे देशोदेशी वेगळी असतील, पण रीत ओळखीची आहे.

आपल्याकडे कायदा आहे, पण...

आता आपल्या मुंबईकडे वळू. १९७२ च्या दुष्काळाने गाव सोडायला लावलेली माणसे, १९८२ च्या संपानंतर गिरण्यांतून बाहेर फेकले गेलेले कामगार, नवरा गेल्यावर पाटी डोक्यावर घेतलेल्या बाया, असे हे मुंबईचे फेरीवाले. त्यांत आपल्या वस्त्यांतील माणसे किती आहेत हे वाचकांना सांगायला नको.

गंमत अशी की कायद्याच्या बाबतीत आपण न्यूयॉर्कच्या मागे नाही, पुढे आहोत. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या फूटपाथवासीयांच्या प्रश्नावर बोलताना उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. १९८९ साली सोदान सिंग खटल्यात रस्त्यावर माल विकणे हा कलम १९ (१) (छ) खालील व्यवसायाचा हक्क आहे, त्यावर वाजवी बंधने घालता येतात पण तो मुळातून नाकारता येत नाही, असे ठरले. आणि १ मे २०१४ पासून पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम हा केंद्रीय कायदा लागू झाला.

हा कायदा आपल्या कार्यकर्त्यांनी वाचलाच पाहिजे. कलम ३ म्हणते की दर पाच वर्षांनी किमान एकदा फेरीवाल्यांचे सर्वेक्षण झाले पाहिजे आणि ते पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कुणालाही हटवता येणार नाही. कलम १८ नुसार जागेवरून हलवायचे असेल तर ३० दिवसांची नोटीस लागते. कलम १९ नुसार माल जप्त केला तर त्याची यादी दिली पाहिजे, मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत केला पाहिजे. कलम २२ नुसार शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी स्वतः निवडून दिलेले हवेत, त्यांत एक तृतीयांश महिला हव्यात आणि अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक व अपंग यांना योग्य प्रतिनिधित्व हवे. किती सुंदर कायदा!

अंमलबजावणी काय झाली? मुंबईत २०१४ साली सर्वेक्षण झाले तेव्हा सुमारे ९९ हजार फेरीवाल्यांनी अर्ज भरून दिले. अधिवासाच्या दाखल्यासारख्या अटींच्या चाळणीतून गाळत गाळत मतदार म्हणून पात्र राहिले ते ३२ हजारांच्या आसपास. आणि समितीच्या निवडणुकीचे मतदान झाले २९ ऑगस्ट २०२४ रोजी. कायदा लागू झाल्यावर दहा वर्षांनी! या दहा वर्षांत महामारी येऊन गेली, टाळेबंदी झाली, हजारो गाड्या गंजल्या.

महामारीत फेरीवाल्याला काय मिळाले? जून २०२० मध्ये केंद्र सरकारने 'पीएम स्वनिधी' योजना आणली आणि १० हजार रुपयांपर्यंत खेळते भांडवल विनातारण देऊ केले. पण ती मदत म्हणजे कर्ज होते. गाडी लावायला जागेची हमी नसेल तर कर्जाने आणलेला माल विकायचा कुठे? सकाळी बँकेचे कर्ज घ्यायचे आणि दुपारी तोच माल अतिक्रमण विभागाच्या गाडीत जाताना पाहायचा? न्यूयॉर्कच्या हॉटेलमालकाला सरकारने जागा दिली. आमच्या फेरीवाल्याला सरकारने कर्ज दिले. जागा मिळाली की माणूस स्वतःच्या कष्टाने उभा राहतो. जागेवाचून कर्ज मिळाले तर तो आणखी खाली जातो.

पादचाऱ्याची ढाल

फेरीवाल्यांचा विषय निघाला की ताबडतोब पादचाऱ्यांचा हक्क पुढे केला जातो. हा हक्क खरा आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्यायोग्य फूटपाथ हा कलम २१ खालील हक्काचा भाग असल्याचे सांगितले आणि त्याचे आम्ही स्वागतच करतो. फूटपाथवर चालणारा बहुतेक वेळा गरीबच असतो. चाकाच्या खुर्चीवरचा अपंग, लेकराला कडेवर घेतलेली आई यांना वाट मिळालीच पाहिजे. न्यूयॉर्कमध्येही टेबले मांडताना पादचाऱ्यांसाठी आठ फूट वाट मोकळी ठेवण्याची अट होती. ती सर्वत्र पाळली गेली नाही. अपंगांची अडचण झाली, उंदीर वाढल्याच्या तक्रारी आल्या, रहिवासी न्यायालयात गेले.

पण तेव्हा शहराने काय केले? टेबले उचलून ट्रकमध्ये टाकली का? नाही. नियम सुधारले, शुल्क लावले, रस्त्यावरची टेबले १ एप्रिल ते २९ नोव्हेंबर एवढ्याच काळापुरती ठेवली. म्हणजे चर्चेने मार्ग काढला. नव्या नियमांच्या कटकटीने पुष्कळ हॉटेले योजनेतून बाहेर पडली, हेही खरे. तरी कुणाचा गल्ला रस्त्यावर उधळला गेला नाही. आमची मागणी एवढीच आहे की फेरीवाल्याशीही असेच वागावे. वाट किती सोडायची ते मोजा, रेषा आखा, आळीपाळीने वेळा ठरवा, कचऱ्याची सोय करा. समिती त्याचसाठी आहे. पादचाऱ्याची ढाल पुढे करून गरिबाच्या पोटावर मारू नका. फूटपाथवर उभ्या असलेल्या मोटारी, दुकानांनी पुढे ओढलेल्या पायऱ्या आणि शेड याही पादचाऱ्याला अडवतात. त्यांच्यावर कारवाई करताना हात का थरथरतो?

संविधान काय सांगते?

भारतीय संविधानाच्या कलम १५ (२) मध्ये दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. पहिल्या उपखंडात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले येतात. दुसऱ्यात विहिरी, तलाव, घाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा. यांपैकी कोठेही धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणाला अडवता येणार नाही. हॉटेल आणि रस्ता एकाच कलमात का आले? कारण ज्या समाजाला हॉटेलात वेगळ्या कपात चहा मिळत होता आणि रस्त्याने चालताना अंग चोरावे लागत होते, त्या समाजाला ठाऊक होते की जागा कोण वापरतो यावरच माणसाची पत ठरते.

महाडचेच पाहा. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचे जाहीर केले. कागद झाला, पाणी मात्र मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे तळ्यावर चालत गेली तेव्हा त्या कागदात प्राण आला. पुढे उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडले. ठरावाने हक्क जाहीर होतो, वापराने तो मिळतो. २०१४ च्या कायद्याची अवस्था आज १९२४ च्या त्या ठरावासारखी आहे.

म्हणून आमचे कार्यकर्त्यांना सांगणे आहे की नुसती निवेदने देऊन थांबू नका. आपल्या वस्तीतल्या प्रत्येक फेरीवाल्याची यादी तयार करा. त्यांना दंडाच्या पावत्या जपून ठेवायला सांगा. आपण या जागेवर किती वर्षे धंदा करतो याचा तोच सरकारी पुरावा असतो, आणि नेमका तोच आपली माणसे रागाने फाडून टाकतात. माल उचलला की जप्तीची यादी लेखी मागा, दिली नाही तर तसे लेखी कळवा. आपल्या शहरात समितीची निवडणूक झाली का, राखीव प्रतिनिधी कोण आहेत, सर्वेक्षणाला पाच वर्षे उलटली का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. आपल्या तरुण वकिलांनी आठवड्यातून एक संध्याकाळ या कामाला द्यावी.

आणि यापुढे पालिकेचा अधिकारी 'नियम बदलता येत नाहीत' असे म्हणाला, तर त्याला २०२० चा जून महिना आठवून द्या. जगातल्या एका श्रीमंत शहराने काही दिवसांत हजारो टेबलांसाठी नियम बदलले. आमच्या हातगाडीसाठी नियम बदलण्याचीही गरज नाही. तो १ मे २०१४ पासून बदललेलाच आहे. त्याची अंमलबजावणी तेवढी हवी आहे, आणि ती आम्ही हक्काने मागत आहोत.